आईच्या अंगठ्याची नोंद

फोनमध्ये बिघाड नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. पाच महिने मी तो असल्याचं सोंग केलं, आणि आता लिहितानाही हात त्याच वळणावर जाईल अशी भीती वाटते.

मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की आई चहा ठेवायच्या आधी फोन पुढे करायची.

"बघ रे, आजही नाहीच म्हणतोय."

मी पिशवी खाली ठेवून फोन घ्यायचो. बाजूच्या बटणावर, जिथे ठसा लावायचा असतो तिथे, फुंकर घालायचो. सदऱ्याच्या टोकानं ते पुसायचो. कव्हरची कड आड येत असेल म्हणून कव्हर काढायचो. मग आईचा अंगठा धरून बटणावर टेकवायचो. फोन थरथरायचा आणि पडद्यावर हिंदीत ओळ उमटायची, की ठसा ओळखता आला नाही.

"हात धुऊन ये बरं साबणानं. आणि नीट कोरडे कर."

ती धुऊन यायची. पदराला पुसायची. पुन्हा थरथर.

"दाबू नकोस ग. नुसता ठेव."

"नुसताच ठेवलाय. आणखी किती नुसता ठेवू?"

पाच वेळा चुकलं की फोन अर्धा मिनिट अडून बसतो. ते अर्धं मिनिट आम्ही दोघं समोरासमोर बसून काढायचो. ती फोनकडे बघायची. मी तिच्या अंगठ्याचं निरीक्षण करत असल्यासारखं दाखवायचो. मग फोन जरा कुशीकडे वळवून सहा आकड्यांचा पिन टाकायचो, "घे, उघडला" म्हणायचो, आणि तिच्या हातात देण्याआधी आत एकदा नजर फिरवून घ्यायचो.

त्या फोनमध्ये आईच्या अंगठ्याची नोंदच नव्हती. म्हणजे होती, मी ती पुसली होती. आत एकच ठसा शिल्लक होता, माझा.

माझी नोकरी बोटांचीच आहे. जमिनी-घरांची खरेदीखतं जिथे नोंदली जातात अशा सरकारी ऑफिसात मी खिडकीमागे बसतो आणि घेणारा, देणारा, साक्षीदार, सगळ्यांचे ठसे मशीनवर घेतो. "कक्का, अंगूठा पोंछ लो। ढीला छोड़ो, हम पकड़ रहे हैं।" हे दिवसातून चाळीसदा तरी म्हणत असेन. कुणाचं बोट उमटणार नाही हे मला माणूस खिडकीशी आला की कळतं. दगड फोडणारे, गवंडी, जन्मभर राखेनं भांडी घासलेल्या बायका. त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. म्हणून घरात बोटांच्या बाबतीत माझाच शब्द शेवटचा. डॉक्टरच्या घरात कुणी ताप बाहेर दाखवायला जात नाही, तसं.

हे मी कशासाठी केलं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही इकडे हिंदी मुलखात, हरिशंकरपुरमला राहतो. आई, मी, शाळेत शिकवणारी माझी पत्नी, आणि कॉलेजात जाणारी मुलगी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बिर्ला नगरला गिरणी चालू होती तोवर ते तिथे हजेरीबाबू होते. मला एक धाकटी बहीण आहे, बडोद्याला दिलेली. अण्णांचा जीव तिच्यात. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलो.

अण्णा शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होते. ते अकराही दिवस मी त्यांच्याजवळ होतो. त्यांना कुशीवर वळवणं, भांडं देणं, दाढी करणं, सगळं मीच केलं, आणि मनापासून केलं. ते डोळे उघडायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "ती निघाली का?" मी चमच्यानं पाणी पाजायचो. दोन घोट झाले की, "ती निघाली का?"

सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलावून घ्या. आई रोज तासभरच येऊन जायची; त्या दिवशी तिनं मला सांगितलं, "तिला आत्ताच्या आत्ता कळव." मी खाली जिन्यापाशी जाऊन फोन लावला.

"दादा, कसे आहेत अण्णा? निघू का मी?"

"बरे आहेत. सुधारतायत. आई म्हणत होती, उगाच धावत येऊ नकोस. मुलाची परीक्षा आहे ना तुझ्या."

"आई म्हणाली असं?"

"हो."

वर येऊन आईला म्हटलं, "तिला जमत नाहीये. मुलाची परीक्षा आहे म्हणे."

एकच परीक्षा मी दोन्हीकडे वापरली. का, याचं उत्तर मी स्वतःला वेगवेगळं देत आलो. झोप नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं, ती आली असती तर दवाखान्यातच रडारड झाली असती. खरं उत्तर हे, की उरलेले दिवस अण्णा मला एकट्याला हवे होते. ती आली असती तर ते तिच्याकडेच बघत राहिले असते.

ते माझे झाले नाहीत. चारही दिवस ते दाराकडे बघत होते.

बहीण पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परतलो होतो. आईनं तिला दारात पाहिलं, "आता आलीस?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आत्ता नको काही बोलूस. ती भानावर नाही." पुढचे तेरा दिवस मी त्या दोघींना एका खोलीत एकट्या बसू दिलं नाही. कधी पत्नीला चहा घेऊन पाठवायचो, कधी स्वतःच पंचांग विचारायला जायचो. चौदाव्या दिवशी बहीण गेली. जाताना मला म्हणाली, "आई बोलेल तेव्हाच मी फोन करेन." आईही हेच म्हणत होती, की बाप जात असताना जिला वेळ झाला नाही तिला मी का फोन करू, तिनं करावा. दोघींनी तोंडं फिरवली, आणि मी सुटलो असं मला वाटलं.

अण्णांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी आईला नवा फोन आणून दिला, इंदूरच्या मावशीशी तोंड बघून बोलता यावं म्हणून. तिचा अंगठा नोंदवला. अडीअडचणीला असावा म्हणून माझाही नोंदवला. पहिल्याच स्पर्शाला फोन उघडला तेव्हा आई लहान मुलीसारखी हसली. "तुझ्या ऑफिसात माझं काम एका मिनिटात होईल की रे!" दहा-बारा दिवस ती येता-जाता तो उघडायची आणि बंद करायची.

मग एका रविवारी सकाळी तिनं मला हाक मारली. "हे बघ, कसलं तरी हिरवं टिकलीएवढं आलंय."

त्या टिकलीशेजारी बहिणीचा फोटो होता, बोटाच्या पेराएवढा. आईनं चष्मा लावला नव्हता. "जाहिरात आहे," मी म्हणालो, आणि फोन घेऊन न्हाणीघरात गेलो. नळ सोडला. फोन कानाला लावला.

"आई, मी आहे. मावशीकडून नंबर घेतला. रागावू नकोस. मला फक्त एकच सांग. दादा म्हणाला, की येऊ नकोस असं तू म्हणालीस. खरंच म्हणाली होतीस का ग? नसेल बोलायचं तर नको बोलूस. पण एवढं सांग."

मी तो निरोप पुसला. बादली भरून वाहत होती. बाहेर येऊन आईला म्हटलं, फोन जरा सेट करतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन तिचा ठसा काढला. फोननं विचारलं, नक्की काढायचा का? आमच्या ऑफिसात चुकीचा ठसा रद्द करायचा तर साहेबांची सही लागते. इथे नुसतं 'हो'ला बोट लावायचं होतं.

बहिणीला ब्लॉक करता आलं असतं. पण मग तिकडे निरोप पोचले नाहीत हे तिला दिसलं असतं, ती मावशीला विचारती, मावशी आईला. ठसा नसला की कुणाला काही कळत नाही. म्हातारीचं बोट चालत नाही, त्यात काय नवल?

सबब शोधायला मला लांब जावं लागलं नाही. वर्षश्राद्धानंतर आईनं लाख वातींचा संकल्प केला होता. अण्णांच्या नावानं लाख वाती वळायच्या आणि कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला देवापुढे लावायच्या. सकाळचं आटोपलं की ती खिडकीशी कापसाची टोपली घेऊन बसायची. शेजारी राखेची वाटी. चिमटीला राख लावायची, कापूस ओढायचा, अंगठा आणि दोन बोटांत पीळ द्यायचा, वात ताटात टाकायची. हजार झाल्या की दोऱ्यानं जुडी बांधायची. जुड्या देवघराच्या खालच्या कप्प्यात.

"वातींनी बोटं झिजलीयत तुझी, आई," मी म्हणालो. "राख आणि वर घासणं. रोज बघतो ना मी ऑफिसात. रेषा गेल्या की मशीन काय ओळखणार?"

तिनं अंगठा उजेडात धरून पाहिला, दुसऱ्या हाताच्या बोटानं चोळून पाहिला. "खरंच की रे. गुळगुळीत झालंय." तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला असावा. शेजारणीला तिनं सांगितलं, "माझी तर बोटं गेली वातींत."

"मग तो आकडा सांग मला," ती एकदा म्हणाली. "मी कॅलेंडरमागे लिहून ठेवते."

"आकडा असा लिहून ठेवायचा नसतो. लोकांची घरं लुटली जातात त्यानं."

"माझ्या फोनात काय लुटणार? मावशीच्या कढीची कृती?"

मुलगी खो खो हसली. "आजी, तेरे फ़ोन पे तो बाबांचा पहारा लगा है, पहारा!"

मीही हसलो.

बहिणीचे निरोप येत राहिले. बहुधा मंगळवारी दुपारी. संध्याकाळी फोन उघडल्यावर फोटो दिसला, की मी म्हणायचो, "अपडेट मागतोय, आत नेऊन करतो." पहिल्या निरोपातला प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. साधंच बोलायची. "आज तुझ्यासारखा मसालेभात करायला गेले, गोडा मसालाच संपला होता." "पोरगा आता अण्णांसारखी भुवई वर करून बोलतो." मी ऐकत होतो. न ऐकता पुसता आले असते, तरी ऐकत होतो. एकदा ती म्हणाली, "तू ऐकतेस हे मला इथे कळतं, आई. निळी खूण येते. तेवढंही पुरे मला."

त्या दिवशी मी जेवलो नाही. पोटात गॅस आहे असं सांगितलं.

श्रावणात मावशीचा फोन आला. आलेला फोन उचलायला ठसा लागत नाही, त्यामुळे आई मावशीशी बोलू शकायची. मी ऑफिसातून आलो तर आई दारातच उभी होती.

"मावशी म्हणत होती, पोरगी मला निरोप पाठवते. ऐकतेस ना, म्हणून विचारत होती."

बहिणीनं मावशीला निरोपांत काय आहे ते सांगितलं नव्हतं. आमच्या घरात आतलं बाहेर सांगत नाहीत. पण निरोप येतात एवढं आता आईला कळलं होतं. मी फोन उघडला. त्या दिवशी खरंच काही नव्हतं. तिला दाखवलं.

"काही नाहीये, आई."

"दुपारी येत असेल. संध्याकाळपर्यंत राहत नाहीत का रे ते?"

ती मला वाट काढून देत होती, तिच्याही नकळत. मी त्या वाटेनं गेलो.

"काही काही राहत नाहीत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आलो तर खिडकीशी टोपली नव्हती. ती माळ्यावर गेली होती, जुन्या साडीत बांधून. आई पलंगावर मांडीवर हात उताणे ठेवून बसली होती. बोटांच्या टोकांना तूप लावलेलं, वर मऊ फडक्याच्या पट्ट्या.

"हे काय?"

"वाती बंद. बोटं बरी होईपर्यंत."

"अग, पण संकल्प... एकसष्ट हजार झाल्या होत्या ना?"

"झाल्या होत्या. देवाला सांगितलंय, थांब म्हणून."

"संकल्प असा मध्ये सोडू नये म्हणतात."

"सोडला कुठे? थांबवला." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "पोरगी तिकडून बोलतेय आणि मी इथे कापूस पिळत बसू? आधी ती काय म्हणते ते माझ्या कानांनी ऐकीन, मगच तिच्याशी बोलेन. रेषा परत यायला किती दिवस लागतात? तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक होतं. ऑफिसात मी लोकांना सांगतो, महिनाभर घासायचं काम सोडा, मग या. मी म्हणालो, "महिना लागतो."

तिनं महिना मोजला. भांडी घासायचं सोडलं, चिंच कोळायची सोडली, लिंबू पिळायचं सोडलं. मुलगी पट्ट्या बदलून द्यायची. "आजी, तेरी उँगलियों का फेशियल चल रहा है क्या?" "हो, लग्न आहे माझं," आई म्हणायची. रोज संध्याकाळी पट्टी सोडून अंगठा बटणावर ठेवायची. रोज फोन थरथरायचा. ती अंगठा डोळ्याशी नेऊन म्हणायची, "कालच्यापेक्षा दिसतायत की रेषा. नाही का?"

"दिसतायत," मी म्हणायचो. खरंच दिसत होत्या.

त्या महिन्यात मी सुटायच्या सगळ्या वाटा धुंडाळल्या. ठसा गुपचूप परत घालावा, तर त्याला तिचाच अंगठा दहा-बारा वेळा उचलून ठेवावा लागतो. तिच्या नकळत ते होणार नव्हतं. बोटं बरी झाली असं सांगून तिच्यादेखत घालावा, तर पुढच्या मंगळवारी दुपारी निरोप येणार, मी ऑफिसात असणार, आणि ती तो ऐकणार. फोन हातातून पाडून फोडावा, असंही एकदा मनात आलं. मग तिनं दुसरा घेतला असता, त्याच नंबरचा. ऑफिसात एखाद्या म्हाताऱ्याचा अंगठा धरला, की तो धरून ठेवलेला मीच आहे असं वाटायचं. "बाबूजी, छोड़ो तो," एक बाई म्हणाली. ठसा केव्हाच उमटला होता.

महिना संपला त्या दिवशी मुलगी म्हणाली, "आजी, ये बोटांचं नहीं है. सेन्सर ही खराब असणार. टोपी बाज़ार में एक दुकान है, वो सब ठीक कर देता है. बाबा, उद्या सुट्टी आहे ना तुम्हाला?"

"मी घेऊन जातो फोन," मी लगेच म्हणालो.

"मी पण येते," आई म्हणाली. "बोट माझं. तुझं बोट नेऊन काय होणार तिथे?"

टोपी बाजारात ई-रिक्षा आत जाईना, म्हणून आम्ही तोंडाशीच उतरून चालत गेलो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि अंगठा दुसऱ्या मुठीत झाकून धरला होता, उकाड्यात घाम लागू नये म्हणून. दुकान म्हणजे एक काउंटर आणि त्यामागे एक माणूस. मी आधीच म्हणालो, "भाईसाहब, सेंसर गया होगा शायद।" त्यानं बटण पुसलं, भिंगातून पाहिलं.

"सेंसर तो चकाचक है। माताजी, अंगूठा रखिए।"

फोन थरथरला.

"पिन डालिए, भाईसाहब।"

मी टाकला. तो सेटिंगमध्ये गेला. पुन्हा पिन मागितला, मी पुन्हा टाकला.

"इसमें तो एक ही ठप्पा डला है। किसका है?" त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपका तो नहीं? लगाइए ज़रा।"

माझा हात खिशात होता. आई म्हणाली, "लाव ना. बघू देत त्याला."

मी अंगठा ठेवला. फोन उघडला.

तो माणूस मनमोकळा हसला. "लो! फ़ोन माताजी का और अंगूठा बेटे का! अरे भाईसाहब, मशीन बेचारी क्या करे?" हसता हसताच त्यानं आईचा अंगठा नोंदवायला घेतला. "रखिए, उठाइए। रखिए, उठाइए। बस।" मिनिटसुद्धा लागलं नाही. "अब खोलिए।"

आईनं खोललं. बंद केलं, पुन्हा खोललं. तिनं अंगठा वर धरून पाहिला.

"म्हणजे माझी बोटं चांगलीच होती."

त्यानं आमच्याकडून काही घेतलं नाही. "इसमें किया ही क्या है," म्हणाला. आम्ही बाहेर आलो. गल्लीत टोप्यांचे गठ्ठे उतरवत होते, म्हणून एका बंद शटरच्या पायरीवर बाजूला थांबलो. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "विसरला असशील तू. कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल माझं घालायचं."

आता कुणी विचारलं तर मी सांगेन, की त्या पाच महिन्यांतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. तिनं ते 'हो' माझ्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. आणि मला समोर पुढची सगळी वर्षं दिसली, तिच्या दयेवर काढलेली.

"विसरलो नव्हतो. तुझं घातलेलं होतं. मी काढलं."

"का?"

मी सांगितलं. निरोप सांगितले, पहिला प्रश्न सांगितला, अण्णा काय विचारत राहिले ते सांगितलं, जिन्यापाशी लावलेला फोन सांगितला. गठ्ठे वाहणारा हमाल "हटना बाबूजी" म्हणून दोनदा मधून गेला, मी बाजूला सरकून पुढे सांगत राहिलो. आई पायरीवर बसली होती.  शेवटी तिनं विचारलं.

"ह्यांनी किती वेळा विचारलं, ती निघाली का म्हणून?"

"मोजलं नाही."

"मला म्हणालास, झोपूनच असतात. काही बोलत नाहीत."

हे मी विसरलो होतो. तेही मीच म्हणालो होतो.

तिनं अंगठ्यानं फोन उघडला आणि माझ्यापुढे धरला. "तिला लाव. आवाज मोठा ठेव."

दोनदा वाजला तोच बहिणीनं उचलला. "आई? आई, तू आहेस?"

"हो, मीच. थांब. दादा तुला काही सांगतोय. आधी ते ऐक." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी उभा राहून सांगितलं, तक्रारदार खिडकीशी उभा असतो तसा. आईला सांगताना मी अधूनमधून कारणं दिली होती. इथे दिली नाहीत, कारण आई ऐकत होती. निरोप मी ऐकून पुसत होतो, इथपर्यंत आलो तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"ते सगळं तू ऐकलंस? ती निळी खूण... तुझी होती?"

"हो."

 मग ती म्हणाली, "आईला दे."

आईनं फोन दोन्ही हातांत धरला. "मी नव्हतं ग म्हटलं तसं," ती म्हणाली. "मी बोलावलं होतं तुला. पोरी, मी बोलावलं होतं."  मी दोन दुकानं पलीकडे जाऊन उभा राहिलो. घरी एकटा निघून जाता येत नव्हतं, आणि जवळ थांबताही येत नव्हतं.

त्या वर्षी संकल्प पुरा झाला नाही. गणपती गेल्यावर आई बडोद्याला निघाली. घरात मी सगळं सांगितलं. पत्नी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली; मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही? सीरियसली?" आणि उठून गेली. आईला सोडायला स्टेशनवर मीच गेलो, दुसरं कोण जाणार? सामान बाकाखाली लावलं. तिनं जागेवर बसून फोन काढला.

"तो आकडा सांग आता."

मी सांगितला. तिनं दोनदा म्हणून पाहिला.

"बदलायचा कसा ते तिकडे विचारून घेईन," ती म्हणाली.

मी तिला विचारणार होतो, की परत कधी येशील. पण ज्यानं तिला इतके दिवस अडवून ठेवलं त्यानं हे विचारायचं नसतं, एवढं मला कळलं. गाडी हलेपर्यंत ती पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिली.

आता चार महिने झाले. ती रोज साडेआठला माझ्या मुलीच्या फोनवर बोलते. कॉलेजचं विचारते, भाजी काय केली ते विचारते. मागून बहिणीचा आवाज येतो, कुकरची शिट्टी येते. बहीण माझ्याशी बोलत नाही, आणि ती बोलेल अशी मी वाटही बघत नाही. मी तिथेच समोर ताटावर बसलेला असतो. शेवटी मुलगी फोन जरा खाली करून विचारते, "बाबा, आजी पूछ रही है, जेवलात का?"

"जेवतोय म्हणून सांग."

ती सांगते. तिकडून आई "बरं" म्हणते, आणि फोन ठेवते.